चालत आलेली आजी

पुढे सांगते आहे ते सगळं खरं आहे. हे वाक्य मी घरात उच्चारलं की मुलगा टीव्हीचा आवाज कमी करतो, सूनबाई हातातलं काम बाजूला ठेवते आणि दोघं माझ्यासमोर येऊन बसतात. आई 'खरं' म्हणाली म्हणजे थाप मोठी असणार, असा त्यांचा अनुभव आहे. त्यात त्यांची काही चूक नाही. कोपऱ्यावरून साखर आणायला गेले तरी वाटेत काहीतरी भेटल्याशिवाय मला करमत नाही. एकदा घोडा भेटला होता. एकटाच होता बिचारा, रस्ता ओलांडायला घाबरत होता. मी त्याचा हात धरून त्याला पलीकडे पोचवलं. आमच्या घरात हे ऐकून कोणी दचकत नाही. पुढचं ऐकतात, हवं तेवढं वजा करतात, उरेल ते ठेवतात. साखर आणली, एवढं उरतं.

पण हे खरं आहे. वजाबाकी करू नका.

पिल्लू म्हणजे माझी नात. नाव पिल्लू असलं तरी आता ती दारातून वाकून जाते. फुटबॉलच्या संघात गोलकीपर आहे. घरात काहीही पडायला लागलं की ते जमिनीला टेकायच्या आत पिल्लूच्या हातात असतं. माझ्या हातून निसटलेली कपबशी तिनं एकदा फरशीपासून चार बोटांवर झेलली, आतल्या चहासकट. चहाचं सोडून द्या, तो मी घातला. कपबशीचं खरं आहे.

तर या पिल्लूचा संघ फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेला जायचा होता. स्पर्धा दूरच्या शहरात. मुलाचं चष्म्यांचं दुकान, ते बंद ठेवता येत नव्हतं. सूनबाई इस्पितळात नर्स, तिची सुट्टी मंजूर झाली आणि दुसऱ्याच दिवशी नामंजूर झाली. उरलो आम्ही दोघं, मी आणि आमचे हे.

"आईबाबांना विमानात बसवून देतो," मुलगा म्हणाला. "झोप लागायच्या आत पोचतील."

पिल्लू तेव्हा बाल्कनीच्या दारात उभी राहून हातमोजे वाळत घालत होती. गोलकीपरचे हातमोजे केवढे असतात तुम्हाला कल्पना नाही. दोरीवर टाकले की कोणीतरी बाल्कनीतून शरण येतंय असं खालून वाटतं.

"विमान नाही," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या मुलींनी ठरवलंय. आपल्यासाठी येणाऱ्या माणसांनी धूर काढत यायचं नाही. बस, आगगाडी, सायकल, काय वाट्टेल ते. विमान नाही, स्वतंत्र गाडी नाही."

"अगं, दोन म्हाताऱ्या माणसांचा काय असा मोठा धूर निघणार आहे?"

"बाबा, मागच्या थंडीत हवा इतकी घाण होती की आमचा सराव बंद ठेवावा लागला. मला समोरचा गोल दिसत नव्हता."

आता मैदानात उभं राहून समोरचा गोल दिसत नाही, हे ऐकल्यावर मला वाटलं, पोरगी माझ्यावर गेली. मनात कौतुकसुद्धा झालं. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं की ती काही घालत नव्हती. होतं तेवढंच सांगत होती. मला जरा कसंतरीच झालं. आमच्या वेळी असल्या गोष्टी बनवून सांगाव्या लागायच्या.

मी लगेच जाहीर केलं, "आम्ही दोघं असे जाऊ, असे जाऊ, की धुराचा एक थेंब सांडणार नाही. त्या शहरानं आमच्याकडून शिकावं."

"आई, धुराचे थेंब नसतात," मुलगा म्हणाला.

"मग सांडणारच नाही. काम सोपं झालं."

संध्याकाळी पिल्लू माझ्या खोलीत आली. तिची बॅग भरून झाली होती. पलंगाच्या कडेवर बसली, तर गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"आजी, या वेळी गोष्ट नको सांगूस. तू ये."

"कसली गोष्ट?"

"मागच्या सामन्याला तू लिफ्टमध्ये अडकलीस."

"अडकलेच होते. काय घाम फुटला होता मला."

"आपल्या इमारतीला लिफ्ट नाही."

मी उशीचा अभ्रा सरळ करायला घेतला.

"त्याच्या आधी तुला टॅक्सीवाल्यानं पळवून नेलं. त्याच्या आधी डॉक्टरांनी हसायला बंदी केली होती," ती म्हणाली. रागानं नाही, आपण जुनी चित्रं दाखवतो तशी. "छान होत्या त्या गोष्टी. मी संघातल्या मुलींना सांगते, सगळ्या हसतात. पण तू एकदाही आली नाहीस. गोलच्या मागे जागा ठेवलीय तुमच्यासाठी. अर्धा सामना, एक डाव, मी तुमच्या अगदी समोर असेन. मागे वळले की तू दिसायला हवीस. बस्स, एवढंच."

ती गेल्यावर मी कपाटावरची प्रवासाची पिशवी खाली काढली. माझ्या थापांचा हिशेब कुणीतरी दुसऱ्या बाजूनं ठेवत असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

निघालो. आमच्या ह्यांनी सगळी हयात बस चालवण्यात घालवली. निवृत्त झाले तरी अजून सोफ्यावर बसले की उजवा पाय पुढे असतो. अशा माणसाबरोबर प्रवासी म्हणून बसमध्ये बसणं म्हणजे आचाऱ्याबरोबर पंगतीला बसणं. पहिल्याच वळणावर त्यांनी समोरच्या सीटच्या लोखंडी पाइपवर असा ब्रेक मारला की पुढची बाई जागी झाली.

"गिअर उशिरा टाकतोय," हे म्हणाले.

"टाकू दे. त्याचा गिअर आहे."

"इंजिन रडतंय. तुला ऐकू येत नाही?"

शेवटी उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभे राहिले आणि काहीतरी सांगू लागले. ड्रायव्हरनं मान न वळवता डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. 'चालकाशी बोलू नये.' हे परत आले आणि माझ्या शेजारी गप्प बसले. ह्याच पाटीकडे त्यांनी आयुष्यभर लोकांना बोट दाखवलं होतं. मी काही बोलले नाही. संसार टिकतो तो अशाच वेळी गप्प बसल्यामुळे.

पुढे आगगाडी. गाडीत मात्र मजा वाटली. विमानातून जाऊन आलेले लोक मला नेहमी इथलं आणि तिथलं सांगतात, मधलं कोणीच सांगत नाही. आम्हाला मधलं दिसलं. वाळत घातलेले कपडे दिसले. विटांच्या ढिगावर झोपलेला माणूस दिसला. कुठल्याशा गावाबाहेर दोन लंगडी गोलपोस्टं दिसली, जाळी नाही, कोणी खेळत नाही, नुसती उभी. हे बघत होते, मी बघत होते. इतक्या वेळात मी एकही थाप मारली नाही, कारण खिडकीच सगळं सांगत होती.

म्हणून तोंडाला जरा गंज चढला असावा. नाहीतर पुढचं झालं नसतं.

त्या शहराच्या स्टेशनाबाहेर स्पर्धावाल्यांनी एक टेबल मांडलं होतं. हिरवं जाकीट घातलेली एक मुलगी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, तुम्ही कशानं आलात. सगळ्यांचा मिळून धूर किती झाला ते काढायचं होतं म्हणे. आमच्या पुढच्या गृहस्थांनी "विमानानं" असं इतकं हळू सांगितलं की त्यांना ते तीनदा सांगावं लागलं.

आमचे हे तोवर तिथून पसार झाले होते. पलीकडे स्टेडियमला जाणाऱ्या विजेवरच्या बसगाड्या उभ्या होत्या, आणि विजेवरच्या बसला खालून काय असतं ते बघायला ते वाकून बसच्या पोटाशी गेले होते.

माझा नंबर आला. मुलीनं मान वर न करता, बहिऱ्या बाळाशी बोलावं तसं विचारलं,

"आजी... तुम्ही... कशानं... आलात? विमान... ना?"

का कोण जाणे, माझं डोकं फिरलं.

"चालत," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. "कुठून?"

मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. ते खरं होतं.

"तिथून? चालत?"

"मग काय धावत? या वयात?"

माझ्या घरी इथेच हशा पडला असता. ही मुलगी हसली नाही. तिनं हातातलं यंत्र खाली ठेवलं. "किती दिवस लागले?"

"ते नाही मोजले. निघाले तेव्हा स्वेटर घातला होता."

"पण मध्ये ती मोठी नदी आहे ना?"

"आहे ना. तिनं वाट दिली नाही. मग मी तिच्या उगमापर्यंत चालत गेले, वळसा घातला आणि पलीकडून परत आले."

आता तरी हसेल म्हणून मी थांबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, अजून थोडं मोठं करायला हवं, म्हणजे हिच्या लक्षात येईल. मी म्हटलं, चपला थकल्या तेव्हा त्यांना बसनं घरी पाठवलं. म्हटलं, वाटेत एक शेळी सोबतीला होती, पण एका शाळेच्या मैदानावर गवत कापायला माणूस हवा होता, तिला तिथे नोकरी लागली.

"केवढं सुंदर," ती म्हणाली आणि तिनं माझा हात धरला.

तेव्हा मला कळलं की बाहेरच्या जगात वजाबाकी शिकवतच नाहीत.

मी तोंड उघडून काही सांगायच्या आत तिनं हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. एक भोंगेवाला गृहस्थ आला. हातात भोंगा होता तरी त्याला तो लागत नव्हता, असा त्याचा आवाज. त्यानं स्टेशनभर सांगून टाकलं, की ही आजी आपल्या नातीचा खेळ बघायला घरून चालत आली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निळे झेंडे पिल्लूच्या संघाचे, पिवळे समोरच्या संघाचे. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजत होत्या.

एवढ्यात आमचे हे कपाळाला काळं लावून परत आले.

"चल. बस लागली. आवाज नाही, धूर नाही, पुढची जागा धरलीय."

"बस?" हिरव्या जाकिटातली मुलगी म्हणाली. "आता शेवटी बस कशाला? आजी चालतच जाणार ना. आम्ही सगळे येतो सोबत. आजोबा, तुम्हीपण चालत आलात?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं एक बघणं पुरतं, पुढचं मागचं सगळं कळतं.

"नाही," हे शांतपणे म्हणाले. "मी बसनं आलो. चालत ही आली."

आणि खरोखर बसकडे निघाले. मी त्यांची बाही धरली.

"अहो, कुठे निघालात? माझे गुडघे."

"इतकं चाललीस. त्या नदीला काय घातलास तो?"

"वळसा."

"वळसा घातलास. आता काय ते उरलंय, समोर दिसतंय स्टेडियम."

दिसत होतं. डोंगरसुद्धा समोर दिसतो.

शेवटी ते आले बरोबर, पिशवी त्यांनीच घेतली. पण वाटभर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

निघालो तेव्हा थोडे लोक होते. पण बसच्या रांगेतले लोक रांग सोडून येऊ लागले. दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेले उठून आले. पिपाण्या वाजत होत्या. माझा डावा गुडघा एका सुरात बोलत होता, उजवा दुसऱ्या. आणि लोक मला प्रश्न विचारत होते.

"आजी, लांब चालताना श्वास कसा घ्यायचा?"

"नाकानं."

त्यानं ते आपल्या मागच्याला सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला. "नाकानं म्हणतात. नाकानं." मी वळून पाहिलं तर सगळा रस्ता तोंड मिटून चालला होता.

आता तो रस्ता अख्खा भरला होता, या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत. वाहतूक मोकळी ठेवायला उभा असलेला हवालदारही माझ्याबरोबर फोटो काढायला उलटा चालत होता. मागून कुठूनतरी हॉर्न ऐकू येऊ लागला.

"मोठी गाडी आहे," हे मागे न बघता म्हणाले. "लांबलचक. ड्रायव्हर नवा दिसतोय, हॉर्न घाबरत वाजवतो." मग त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पुसून गेलं.

"काय झालं?"

"निळी आहे."

"निळी म्हणजे?"

"मुलींची. पिल्लूची बस आहे ती."

माझे पाय जागच्या जागी थांबले. मी थांबले तशी मागची सगळी गर्दी थांबली. मी पुढे टाकलेलं एक पाऊल मागे घेतलं तरी हजार माणसं हलत होती, आणि त्या सगळ्यांच्या पाठी माझी नात अडकली होती.

"वेळेत नाही पोचल्या तर?"

"न खेळता हरतात," हे म्हणाले. "पिवळ्या मुली केव्हाच आत गेल्यात."

आता बघा. आजवर मी तिच्या सामन्याला आले नाही म्हणून तिनं मला बोलावलं. आणि मी आले ती अशी आले, की तिलाच येता येईना. याहून मी त्या नसलेल्या लिफ्टमध्ये अडकून राहिले असते तर बरं झालं असतं.

मी भोंगेवाल्याच्या हातातला भोंगा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर, न विचारता, खरं बोलले.

"ऐका. मी चालत आले नाही. मी बसनं आले आणि मग आगगाडीनं आले. चालले ती फक्त स्टेशनापासून. बाजूला व्हा आणि मागच्या बसला जाऊ द्या."

मग भोंगेवाला टोपी काढून म्हणाला, "याला म्हणतात मोठेपणा. एवढं करून म्हणतात काही केलं नाही."

टाळ्या. आधीच्यापेक्षा जास्त. कोणीही जागचं हललं नाही.

"अहो, खरंच सांगते. नदीबिदी काही नाही. शेळीसुद्धा नव्हती."

हिरव्या जाकिटातली मुलगी शेजारच्या बाईच्या कानात म्हणाली, "शेळी गेली असणार. त्यांना त्यावर बोलायचं नाहीये." ती बाई डोळ्यांना रुमाल लावू लागली.

मागे हॉर्न वाजतच होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं आता हेच काहीतरी करतील.

"खरं बोलणं तुला जमत नाही," हे हळूच म्हणाले. "ज्यात तुझा हात बसलाय ते कामाला घे."

मी भोंगा परत तोंडाशी धरला. एक श्वास घेतला, नाकानं.

"बरं," मी म्हटलं. "तुम्ही ऐकतच नाही तर सांगते. इतकी वाट मी कशी चालले, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही."

पिपाण्या थांबल्या.

"मी रस्त्याच्या मधून एक पाऊल टाकलं नाही. मधला रस्ता गाड्यांचा. चालणाऱ्या माणसानं कडेनं जायचं, एकामागे एक, मुंग्यांसारखं. पुढच्याच्या पाठीकडे बघायचं आणि गप्प चालायचं. म्हणून पोचले. एकदाच, फक्त एकदाच मी मधून चालले. आणि त्या दिवशी माझी शेळी..."

मी थांबले. पुढे काय ते मलाही ठाऊक नव्हतं. पण पुढचं त्यांनीच भरलं. तुम्हाला सांगते, अशी शांतता मी कधी ऐकली नाही.

"पण तिला तर नोकरी लागली होती ना?" हिरव्या जाकिटातली मुलगी म्हणाली.

"ती दुसरी शेळी," मी म्हटलं.

आणि रस्ता उसवत गेला. कापडाची शिवण उसवावी तसा, मधून, पुढून मागेपर्यंत. निळे नि पिवळे सगळे डावीकडच्या कडेला जाऊन एकामागे एक उभे राहिले. आमचे हे पिशवी माझ्या हातात देऊन रस्त्याच्या मधोमध गेले. हात वर केला. बस आली तशी तिच्या पत्र्यावर थापा मारत ते उलटे चालू लागले. "येऊ दे, येऊ दे. डावीकडे काप. येऊ दे. बस्स. आता सोड." तो नवा ड्रायव्हर त्यांचं मुकाट्यानं ऐकत होता. ती पाटी त्याच्या डोक्यावरही असणारच.

बस माझ्या अगदी जवळून गेली. खिडकीत पिल्लू होती. कपाळ काचेला टेकवलेलं. तिला काय दिसलं असेल बघा. लांबच लांब रांग, तोंडं मिटलेली, कित्येकांचे डोळे ओले, आणि पुढे भोंगा घेतलेली तिची आजी. तिनं क्षणभर डोळे मिटले. मला काच ओलांडूनही ऐकू आलं, 'आजी, काय सांगितलंस यांना?' मग हसू आवरेना म्हणून तिनं तोंडावर तो प्रचंड हातमोजा धरला.

बस गेली तेव्हा मी कुठल्याही बाकावर बसले असते तरी चाललं असतं. शेजारून विजेवरची बस आवाज न करता गेली, अर्धी रिकामी. हे तिच्याकडे परदेशी निघालेल्या मुलाकडे बघावं तसे बघत राहिले. पण मागे ती रांग होती. माझ्या पाठीकडे बघत, गप्प. मी बसमध्ये चढले असते तर त्या सगळ्यांनी घरी जाऊन काय सांगितलं असतं?

म्हणून चालले. चढ होता, तो चढले. एका ठिकाणी हे म्हणाले, "हात दे." दिला. आयुष्यभर माझी गोष्ट पुढे पळायची आणि मी मागे घरात बसलेली असायचे. त्या दिवशी गोष्ट आणि मी एकाच रस्त्यानं एकाच वेगानं चाललो होतो, आणि गोष्टीपेक्षा माझेच पाय जास्त दुखत होते. असल्या गोष्टी सांगताना मी कधी पायांचा विचार केला नव्हता.

पोचलो. गोलच्या मागची जागा मिळाली. दोन्ही संघ मैदानावर रांगेत उभे राहिले. तेवढ्यात भोंगेवाल्याचा आवाज स्टेडियमच्या सगळ्या भोंग्यांतून आला. आजीच्या शेळीसाठी आपण क्षणभर शांत उभे राहू या, म्हणाला.

सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही उठले, मान खाली घातली.

"ही दुसरीच ना?" शेजारून हे पुटपुटले.

"गप्प बसा हो."

मग शिट्टी वाजली. पहिल्या डावात पिल्लू पलीकडच्या गोलमध्ये होती, पेन्सिलीएवढी दिसत होती. आता दुसऱ्या डावात इकडे येईल, असं मी मनात म्हटलं आणि पाय जरा लांब केले.

त्यानंतर मला आठवतं ते एवढंच, की लोक पिशव्या उचलून निघाले होते.

"काय झालं?"

"संपलं," हे म्हणाले. "एक-शून्य."

"कोणाचं?"

"आपलं. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली होती. पिल्लूनं अडवली. इथे, तुझ्या नाकासमोर."

"मग मला उठवायचं नाही का हो?"

"उठवलं. तू म्हणालीस, नदीला वळसा घालून येते."

पिल्लू कुंपणाच्या जाळीपाशी आली. गुडघ्यांना माती, केस चिकटलेले, हातमोजे काखेत. तिला जवळ येताना बघून माझ्या मनात गोष्ट आपोआप जुळली. कशी उडाली, हवेत कशी थांबली, चेंडू कसा तिला घाबरून मागे फिरला. जिभेवर होती. तिनं विचारलं, "आजी, पाहिलंस?"

मी तिच्या गुडघ्यांवरच्या मातीकडे बघितलं.

"नाही गं. झोपले होते."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पेनल्टीच्या आधी मी मागे वळून पाहिलं. सगळे उभे होते, ओरडत होते. तू एकटी बसलेली, तोंड उघडं. घोरणं तिथपर्यंत येत होतं."

"रागावलीस?"

"माझे हात थरथरत होते तेव्हा. तुझं घोरणं ऐकलं आणि वाटलं, घरीच आहे मी, पलीकडच्या खोलीत. मग नाही थरथरले." तिनं जाळीतून बोट आत घालून माझं बोट धरलं. "आलीस ना. बस्स. आणि आजी, एक सांग, त्या शेळीचं काय? आम्ही सगळ्या मान खाली घालून उभ्या होतो. पिवळ्यांची कॅप्टन रडत होती. मला हसू आवरता आवरेना, ओठ चावून चावून सुजलाय बघ."

"मोठी गोष्ट आहे," मी म्हटलं. "घरी आलीस की सांगते."

परत आलो तेही आगगाडीनं आणि बसनंच. ह्यांनी ड्रायव्हरशी एक शब्द काढला नाही.

इमारतीत शिरतो तर शेजारीणबाई जिन्यातच. कसे गेलात, काय केलंत. मी ठरवलं होतं, या वेळी काही घालायचं नाही. बसनं गेलो, म्हटलं. तिनं मान हलवली. मग आगगाडीनं गेलो. हलवली. मग स्टेशनापासून स्टेडियमपर्यंत चालत गेलो, चढ चढून, पुढे मी आणि मागे हजार माणसं.

तिची मान थांबली.

"आजी," ती प्रेमानं म्हणाली, "तुम्हाला वरच्या मजल्यावरून खाली यायचं तर मध्ये दोनदा बसावं लागतं."

"अगं, खरंच. ह्यांना विचार."

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं.

"मी बसनं आलो," हे म्हणाले आणि किल्ली काढून दार उघडायला लागले.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. रांगेचं सांगितलं, बसचं सांगितलं, सगळं होतं तसं. ती ऐकत होती, हसत होती आणि वजा करत होती. मला दिसत होतं तिच्या चेहऱ्यावर, एकेक कमी होत चाललेलं. शेवटी पाय इतके दुखायला लागले की मी म्हटलं, "बरं बाई, विमानानं गेलो."

"हां," ती म्हणाली. "मग बरोबर. बरं केलंत, दगदग नको या वयात." आणि गेली आपल्या घरात. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही तिनं.

तुम्ही माझं ऐकलंत, तुमचे उपकार आहेत. फक्त हे विमानाचं तेवढं पिल्लूच्या कानावर घालू नका.